निराळी बोट कशाला?



हनुक्काच्या दिवसांत आमची एक जुनी सहकारी चहाला आली होती. ती रुमानियाहून आलेल्या घराण्यातली आणि आम्ही कोकणातून आलेले. पण एकाच वॉर्डात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, आणि रात्रपाळीची मैत्री नात्यागोत्यापेक्षा घट्ट असते, हे परिचारिकेचे काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. चहा झाल्यावर तिने पर्समधून एक रंगीत पुस्तिका काढून आमच्यापुढे ठेवली. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर, खाली काळे पाणी आणि काठावर पेंग्विनांची रांग. ती अंटार्क्टिकाला निघाली होती. बरोबर तिची सोबतीण, जिच्यासह तिने तीस वर्षे एका घरात काढली. पुस्तिका चाळताना आमच्या लक्षात आले की ही बोट सर्वांसाठी नव्हती. सगळी बोट समलिंगी स्त्री-पुरुषांसाठीच राखून ठेवलेली होती.

आमच्या तोंडून निघून गेले, "अगं, पेंग्विन पाहायला निराळी बोट कशाला? पेंग्विन का कुणाला विचारतात?"

ती हसून म्हणाली, "पेंग्विन नाही विचारत. जेवणाच्या टेबलावरची माणसे विचारतात."

ती गेली, पण प्रश्न आमच्याजवळ राहिला. नंतर दोनचार आप्तेष्टांपाशी हा विषय काढला. कुणी म्हणाले, ही पैशांची मस्ती आहे. कुणी म्हणाले, समान वागवा म्हणून ओरडायचे आणि मग स्वतःच वेगळे बसायचे, हा कुठला न्याय? एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर नोहाचे तारूच पुढे केले. म्हणाले, "तारवात नर आणि मादी अशाच जोड्या चढल्या होत्या." या तिन्ही बोलण्यांत काही तथ्य आहे असे आम्हांला वाटले, म्हणून त्यांचा शांतपणे विचार करावा असे ठरवले. तो विचार आपल्यापुढे ठेवीत आहोत. पटेल तेवढा घ्यावा.

आधी ही सफर असते कशी, ते सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, आर्जेंटिनात, उशुआया नावाचे गाव आहे. तिथून बोट निघते. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात, आणि तिथला समुद्र इतका खवळलेला असतो की भल्याभल्यांना अंथरूण धरावे लागते. पुढे बर्फाचा प्रदेश लागतो. सफरीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडचा उन्हाळा. पर्यटकांना बोटीने अंटार्क्टिका दाखवण्याची प्रथा लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन गृहस्थाने १९६६ साली पाडली. समलिंगी लोकांच्या राखीव बोटी अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात रुजल्या. 'ऑलिव्हिया' ही स्त्रियांची कंपनी १९७३ साली गाण्यांच्या तबकड्या काढण्यासाठी स्थापन झाली होती. तिने १९९० साली आपल्या श्रोत्यांना बोटीने सहलीला नेले आणि पुढे तोच तिचा मुख्य धंदा झाला. आधी उबदार समुद्र झाले, मग ध्रुवाकडचे थंड समुद्रही झाले.

किनाऱ्यावर उतरण्याचे नियम वाचले तेव्हा आमच्यातली परिचारिका जागी झाली. अंटार्क्टिकाला बोटी नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ साली आपली संघटना बांधली आणि शिस्त घालून घेतली. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या बोटीने कुणालाही उतरवायचे नाही. एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून अधिक प्रवाशांनी किनाऱ्यावर असायचे नाही. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात बुडवून घासायचे आणि खिसे, शिवणी, पिशव्यांचे कोपरे झाडून काढायचे, म्हणजे एखादे गवताचे बी चुकूनही तिथे जाणार नाही. पक्ष्यांच्या तापाची साथ २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळली. तेव्हापासून तर किनाऱ्यावर बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवीही खाली ठेवायची नाही असा दंडक आहे. संसर्गाच्या वॉर्डात आम्ही याहून निराळे काय करीत होतो?

पण आमच्या मनात घर केले ते वागणुकीच्या नियमांनी. पेंग्विनपासून निदान पाच मीटर दूर राहायचे. तो आपण होऊन जवळ आला तर स्तब्ध उभे राहायचे, हात लावायचा नाही. समुद्रातून घरट्याकडे जाण्या-येण्याच्या त्यांच्या पायवाटा बर्फात पडलेल्या असतात. त्या वाटेवर आपण उभे राहायचे नाही, आणि पेंग्विन आडवा आला तर आपण थांबायचे. पहिला मान त्याचा. चालताना आपला पाय बर्फात रुतून खोल खड्डा पडला, तर तो बुजवून मगच पुढे जायचे, कारण पेंग्विन त्या खड्ड्यात पडला तर त्याला वर येता येत नाही.

हा शेवटचा नियम आम्ही दोनदा वाचला. त्याच्याकडे पुढे परत येऊ.

आता नोहाच्या तारवाचा मुद्दा घेतो. प्राण्यांमध्ये नर-मादीच जोडी जमते, तेव्हा निसर्गाचा कौल स्पष्ट आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. गंमत अशी की पेंग्विनांना साक्षीदार म्हणून दोन्ही पक्षांनी उभे केले आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो नावाचे दोन नर पेंग्विन जोडीने राहत. ते दगडालाच अंडे समजून उबवीत. ते पाहून रखवालदाराने त्यांना खरे अंडे दिले, आणि त्यांनी टँगो नावाचे पिल्लू वाढवले. त्यांच्यावर २००५ साली मुलांसाठी पुस्तक निघाले आणि अमेरिकेतल्या कितीतरी ग्रंथालयांत त्यावरून भांडणे झाली. त्याच वर्षी सम्राट पेंग्विनांवरचा फ्रेंच चित्रपट अमेरिकेत गाजला. तो पाहून धर्मनिष्ठ मंडळी म्हणाली, पाहा, एकनिष्ठ कुटुंबाचा आदर्श! वास्तविक सम्राट पेंग्विन बहुधा दर वर्षी नवा जोडीदार करतो. आणि तिकडे सायलोही पुढे रॉयला सोडून एका मादीबरोबर राहू लागला. म्हणजे साक्षीदार दोन्ही पक्षांवर उलटला.

याहूनही बोलकी गोष्ट डॉक्टर लेव्हिक यांची आहे. कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या मोहिमेत ते शल्यवैद्य होते. १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेअर येथे त्यांनी अडेली पेंग्विनांचा वसतिकाल जवळून पाहिला. त्यात नरांचे नरांशी संबंधही दिसले आणि काही फार क्रूर प्रकारही दिसले. गृहस्थ सभ्य इंग्रज. त्यांनी वहीतल्या तशा नोंदी ग्रीक लिपीत लिहिल्या, म्हणजे कुणी सहज वाचू नये. मायदेशी परतल्यावर या विषयावरचा त्यांचा निबंध १९१५ साली शंभरच प्रतींत छापला गेला, आणि त्यावर 'प्रसिद्धीसाठी नाही' असा शेरा होता. पुढे तो विसरलाच गेला. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१२ साली, तो सर्वांसाठी प्रसिद्ध झाला.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली ही की पेंग्विनाकडून नीती शिकायला जाऊ नये, मग ती आपल्या पक्षाची असो वा दुसऱ्याच्या. पेंग्विन जे करतो ते चांगले म्हणावे, तर लेव्हिकने पाहिलेली क्रूरताही चांगली म्हणावी लागेल. पेंग्विन जे करीत नाही ते वाईट म्हणावे, तर मेणबत्त्या लावणे आणि लिहिणे-वाचणेही सोडावे लागेल. माणसाच्या वागण्याचा निवाडा माणसालाच करावा लागतो, ती जबाबदारी मुक्या पक्ष्यावर टाकता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की डोळ्यांनी दिसलेले खरे असूनही ते ग्रीक लिपीत लपवावेसे वाटावे, ही लाज पाहणाऱ्याची होती. पेंग्विनाची नव्हती.

ग्रीक लिपी आम्हांलाही येत होती, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. इस्पितळात आमच्याकडेही असे शब्द होते, की जे कागदावर एक सांगत आणि खरे दुसरेच असे. 'मैत्रीण' हा त्यांतलाच एक शब्द.

साल १९९१. आमच्या वॉर्डात पन्नाशीची एक बाई होती. पोटाचा कर्करोग, आशा नव्हती. तिच्याजवळ रोज संध्याकाळी तिच्याच वयाची एक बाई येऊन बसे. सूप आणी, केस विंचरी, पायांना तेल चोळी. काम इतके नीट करी की आम्ही तिला आमच्यातलीच समजू लागलो होतो. शेवटच्या रात्री रोग्याचा भाऊ परगावाहून आला. वेळ संपल्यावर फक्त जवळच्या नातेवाइकांनी थांबावे असा नियम होता. भाऊ म्हणाला, ही आमच्या घरची नाही. आम्ही त्या बाईला विचारले, "तुम्ही त्यांच्या कोण?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मैत्रीण." आम्ही म्हणालो, "मग बाहेर बसावे लागेल." ती काही न बोलता उठली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. पहाटे चारच्या सुमारास रोगी गेली. भाऊ खुर्चीत झोपला होता. आम्ही बाहेर जाऊन त्या बाईला सांगितले. तिने विचारले, "शेवटी काही म्हणाली का?" खरे म्हणजे तिने दोनदा एक नाव घेतले होते, आणि ते भावाचे नव्हते. आम्ही तेही तिला सांगितले नाही. नियमाच्या बाजूने उभे राहिल्यावर पुढचे सगळेच अवघड होऊन बसते.

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे १९८८ साली, क्नेसेतने ब्रिटिश अमलापासून चालत आलेले कलम रद्द केले होते. भारतातले ३७७ कलमही त्याच साहेबाने ठेवलेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरात प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. पण कायदा पुस्तकातून गेला म्हणजे वॉर्डातून जातोच असे नाही. त्या रात्री कुठल्याही कलमाने आमचा हात धरला नव्हता. दार आमच्या हातात होते, आणि ते आम्हीच लावून घेतले.

त्या पाळीला आमची ही सहकारी हजर होती. तिने पाहिले आणि ती काही बोलली नाही. कितीतरी वर्षांनी, दोघी निवृत्त झाल्यावर, तिने एकदा सांगितले, "त्या रात्री बाकावर मला मीच बसलेली दिसले." आम्ही वीस वर्षे तिच्याबरोबर डबा खाल्ला, आणि ती कुणाबरोबर राहते हे आम्हांला ठाऊक नव्हते. तिने सांगितले नाही असे म्हणणे सोपे आहे. तिने सांगावे असे आम्ही काय केले होते?

आता निराळ्या बोटीकडे परत येऊ. शंभर-दोनशे प्रवाशांची बोट म्हणजे एक लहान गावच. दहाबारा दिवस तीच माणसे, तेच जेवणघर, तीच टेबले. पहिल्या रात्री कुणी विचारते, "या तुमच्या बहीण का?" दुसऱ्या दिवशी दुसरा विचारतो, "मिस्टर नाही आले?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण उत्तर देणाऱ्याला प्रत्येक वेळी तोलून पाहावे लागते की खरे सांगितले तर टेबलावर काय होईल, आणि खोटे सांगितले तर उरलेले दिवस ते सांभाळायचे कसे. हौसेने पैसे साठवून पृथ्वीच्या टोकाला जायचे आणि तिथेही हेच करीत बसायचे. ज्याला हे कधी करावे लागले नाही त्याला निराळी बोट म्हणजे मस्ती वाटते.

आपल्याला मात्र ती मस्ती वाटू नये. कारण प्रश्न म्हणजे काय असतो ते आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? १९६२ साली मुख्य रब्बिनेटचे फर्मान निघाले की बेने इस्राएल मुलामुलींची इतरांशी लग्ने लावताना आईची, आजीची, आणि मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. कोकणात शेकडो वर्षे शनिवार पाळून 'शनवार तेली' हे नाव मिळवलेल्या लोकांना, तुम्ही खरेच ज्यू का, हा प्रश्न ज्यूंच्या देशात आल्यावर विचारला गेला. आपल्या माणसांनी जेरुसलेमला ठाण मांडले, सत्याग्रह केला, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतपुढे सरकारने स्पष्ट केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. फर्मानातून आपले नाव निघाले. पण टेबलावरचा प्रश्न काही निघाला नाही. "भारतात ज्यू असतात?" "मग तुम्ही ज्यू झालात कधी?" या देशात आल्यावर आम्ही ही उत्तरे किती वेळा दिली असतील, त्याचा हिशेब नाही. विचारणारे पुष्कळदा प्रेमळ होते. तरी घरी येईपर्यंत दमायला होई.

आणि मग एखाद्या संध्याकाळी आपल्या कुणाकडे मलिदा असे. पोह्यांचा, नारळाचा वास, एलियाहू हन्नबीचे नाव, मराठीत थट्टामस्करी. तिथे कुणी काही विचारीत नसे. खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटे. वाचकहो, ही निराळी बोट नव्हे तर काय? आपण हे जे मराठी पान वाचीत आहात, ते तरी दुसरे काय आहे? आपल्या सर्वांना हिब्रू येते, आपली नातवंडे तर स्वप्नेही हिब्रूत पाहतात. मग मराठीत कशाला लिहायचे-वाचायचे? कारण इथे पहिल्या वाक्यापासून स्वतःची ओळख पटवून द्यावी लागत नाही. वेगळे बसणे नेहमी गर्वानेच असते असे नाही. कधी ते विश्रांतीसाठी असते.

बंदराने बोट नाकारणे हीसुद्धा आपल्या इतिहासाला परकी गोष्ट नाही. १९९८ साली केमन बेटांच्या सरकारने सुमारे नऊशे समलिंगी प्रवाशांची बोट बंदराला लागू दिली नाही. १९३९ साली 'सेंट लुई' बोटीवरच्या नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांपैकी फार थोड्यांना हवानाने उतरू दिले आणि बोट युरोपात परतली, हे आपण विसरू शकत नाही. दोन्हींची बरोबरी आम्ही करीत नाही. ती माणसे जीव वाचवायला निघाली होती, ही सहलीला. पण काठावर उभे राहून 'तुम्ही कोण' म्हणणारा आवाज ओळखीचा वाटतो, एवढेच. अंटार्क्टिकात असा काठावर उभा राहणारा कुणी नाही. १९५९ साली बारा राष्ट्रांनी करार करून तिथले आपापले मालकीचे दावे बाजूला ठेवले. तिथे राजा नाही, जकातनाका नाही, लग्नाची कचेरी नाही. आणि ज्या उशुआयाहून बोट सुटते, तिथेच २००९ च्या डिसेंबरात, अलेक्स फ्रेरे आणि होसे मारिया दी बेल्लो या दोन पुरुषांचे लग्न नोंदले गेले. दक्षिण अमेरिकेतले ते असे पहिले लग्न. राजधानीत त्यांना अडवले होते, म्हणून ते देशाच्या टोकाला गेले. ज्यांचे लग्न इथे रब्बानी कचेरीत लागू शकत नाही, अशी कितीतरी इस्रायली जोडपी सायप्रसला जातात, त्याचीच आठवण झाली.

आता उरलेले दोन आक्षेप. पहिला धर्माचा. तोरातली मनाई आम्ही जाणतो आणि ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो वाद रब्बींनी आणि विद्वानांनी घालावा. पण त्याच परंपरेत 'कवोद हाब्रियोत', म्हणजे देवाने घडवलेल्या माणसाची प्रतिष्ठा, हेही एक मोठे मूल्य मानले आहे, आणि चारचौघांत माणसाला लाजवणे तालमूदने रक्तपाताच्या तोलाचे धरले आहे. व्हरांड्यातल्या त्या बाईला बाहेर बसवताना आम्ही तोरातली कुठलीही आज्ञा पाळली नव्हती. एक मात्र नक्की मोडली होती.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. निराळ्या बोटीची सवय लागली की विश्रांतीची भिंत होते. हे आम्हांला खरे वाटते, कारण तेही आपल्या घरात घडले आहे. आपल्यातच 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात परजातीची आई किंवा आजी आली असे मानले जाई, त्यांच्याशी लग्न नाही, त्यांच्या पंक्तीला बसणे नाही. ज्या प्रश्नाने १९६२ साली आपले रक्त उसळले, तोच आजीचा प्रश्न आपण आपल्याच भावंडांना पिढ्यानुपिढ्या विचारीत होतो. तेव्हा सोसलेल्याला शहाणपण आपोआप येते असे नाही. ते कमवावे लागते. आमच्या सहकारिणीलाही आम्ही हे म्हणालो. ती म्हणाली, "म्हणून तर बारा दिवसांचीच बोट घेतली. घर नाही घेतले तिथे."

शिवाय त्या बोटीचे तिकीट किती माणसांना परवडणार? दिमोनात किंवा लोदमध्ये आपल्याच कुणाच्या घरी एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल, जिला हे कुणाला सांगता आलेले नाही. तिच्याजवळ अंटार्क्टिकाचे पैसे नाहीत. तिला बोट म्हणून जी काही मिळायची, ती आपले दिवाणखाने, आपला शब्बाथचा टेबल. तिथे काय विचारले जाते आणि कोणत्या आवाजात, यावर तिचे सगळे अवलंबून आहे. 'लग्न केव्हा?' हा प्रश्न आम्ही स्वतः गेल्या महिन्यापर्यंत प्रत्येक तरुण पोरीला विचारीत होतो. आता विचारीत नाही. तिने आपण होऊन जवळ यावे, तोवर आम्ही जागचे हलत नाही.

निराळी बोट कशाला, याचे आमचे उत्तर हे असे: ज्यांनी ती घेतली त्यांना जाब विचारण्याआधी, ती घ्यावी लागावी असे आपण टेबलावर काय बोलत आलो, ते आठवावे. परक्या पक्ष्यासाठी माणूस पाच मीटर मागे सरकतो, त्याची वाट मोकळी ठेवतो, त्याला हात लावीत नाही, आणि आपल्या पायाने पडलेला खड्डा स्वतः बुजवतो. हे सगळे करायला पेंग्विन आपल्यासारखा असावा लागत नाही, त्याचे वागणे आपल्याला पटावेही लागत नाही. एवढी रीत माणसाने माणसाला दाखवली तर फार झाले.

व्हरांड्यातल्या त्या बाईचा पत्ता आम्हांला माहीत नव्हता, आणि आता ती हयात असेल असे वाटत नाही. तो खड्डा तसाच राहिला. म्हणून आमच्या सहकारिणीला निरोप देताना आम्ही एक गोष्ट केली, जी तीस वर्षांत केली नव्हती. "तुझ्या मैत्रिणीला नमस्कार सांग" असे नेहमी म्हणायचो, ते म्हणालो नाही. तिच्या सोबतिणीचे नाव विचारून घेतले आणि म्हटले, परत आल्यावर दोघी मिळून जेवायला या. ती दारात थांबली. मग म्हणाली, "येऊ. पण मासे कर, कोकणी पद्धतीचे."

माशांची सोय होईल. शालोम.